एका विटेइतकं पाणी

काकूंना घाबरायला कारण लागत नसे. फोन वाजला की घाबरत, नाही वाजला की जास्त घाबरत. दारात अनोळखी माणूस दिसला की आधी हातातलं भांडं खाली ठेवत, न जाणो पडलं तर. पाल भिंतीवर असली तर पालीच्या भीतीने आणि नसली तर ती गेली कुठे या भीतीने त्यांची झोप उडे. शेजारच्या बायका चेष्टा करत, "काकू, तुमची सावलीसुद्धा तुमच्या आधी पळते." काकू म्हणत, "पळू दे की. पण जाताना सांगून जायला काय होतं तिला?"

आणि अशा बाईच्या हातात गावाने नदी देऊन ठेवली होती.

म्हणजे नदी नव्हे, नदीचा आकडा. नदीकाठच्या दगडी पायऱ्यांवर, निम्म्या उतारावर एका ओट्यात खांब रोवलेला होता. त्यावर तांबड्या-पांढऱ्या रंगात पाचपासून आठपर्यंतचे मीटर आणि त्यामधले सेंटीमीटर रंगवलेले. पाणी पाचच्या खाली असलं की कुणाला काही देणंघेणं नसे. पाचच्या वर गेलं की दिवसातून तीनदा, सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा वाजता, काकूंनी पायऱ्यांवर जायचं, आकडा वाचायचा, फोटो काढायचा, फोनवरून तालुक्याच्या पूर कार्यालयाला पाठवायचा आणि वहीत लिहायचा. पाठवायला अर्धा तास मिळे. साडेबारा वाजले की बाराचा रकाना बंद, मग थेट सहालाच उघडणार. चौदा वर्षांत काकूंची एक वेळ चुकली नव्हती. वहीत एक खाडाखोड नव्हती. गावाने त्यांचं नाव आकडेकाकू ठेवलं होतं आणि आता त्यांचं खरं नाव रेशनकार्डाखेरीज कुठे सापडलं नसतं.

त्या या गावात आल्या नावाड्याच्या घरात सून म्हणून. माहेरी नदी नव्हती, विहीर होती, तीही खोल आणि मुकाट. इथे दारातून बघावं तर पाणी हलतंय. पहिलं वर्षभर त्यांनी नदीकडे पाठ करून भांडी घासली. नवरा हसायचा. पण एके दिवशी हाताला धरून त्याने त्यांना पायऱ्यांवर नेलं आणि दगडात बसवलेली लोखंडी कडी दाखवली. त्याच्या वडिलांनी होडी बांधायला बसवलेली. "हे बघ," तो म्हणाला, "पाणी या कडीला चाटायला लागलं की खांबावर सहा मीटर दहा असतं. नेहमी. खांब रंगवलेला असतो, रंग उडतो. कडी उडत नाही." पुढे पूल झाला, होडी उलटी पडली आणि तिच्याखाली कोंबड्या राहायला लागल्या. काकूंच्या नवऱ्याला आकडा वाचायचं काम मिळालं. तो तापाने गेला तेव्हा कार्यालयातले साहेब विचारायला आले, आता कोण करणार? पगार इतका किरकोळ की कुणी पुढे होईना. साहेबांनी काकूंकडे बघितलं. काकू हो म्हणाल्या, कारण साहेबाला नाही म्हणायची त्यांना भीती वाटली.

मग एक निधी आला. हवामान बदललंय, नदी पूर्वीसारखी वागत नाही, तेव्हा छोट्या शेतकऱ्यांना त्याच्याशी जुळवून घ्यायला मदत करायची, असं कार्यालयाच्या मॅडमनी गावासमोर उभं राहून सांगितलं. पैसे लांबलांबच्या देशांतून येणार होते. मागे बसलेला एक म्हातारा म्हणाला, "धूर त्यांनी करायचा आणि जुळवून आम्ही घ्यायचं!" त्यावर सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. चार नणंदा-जावांत जुळवून घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यात आता नदीची भर.

पण या निधीची तऱ्हा निराळी होती. बाकीची मदत सगळं वाहून गेल्यावर येते, पंचनामे होतात, फोटो निघतात. हे पैसे आधी येणार होते. खांबावर सहा चाळीस झाले की खालच्या वस्तीतल्या प्रत्येक घराच्या फोनवर त्याच तासात पैसे, आणि ठरवून ठेवलेले तीन टेम्पो दारात. दाणागोटा, बियाणं, जनावरं, म्हातारी माणसं, सगळं उचलून वरच्या शाळेत. वस्तीत पाणी शिरतं सात मीटरला, म्हणजे हातात अर्धा दिवस. खालच्या वस्तीत सगळी एक-दीड एकरवाली कुटुंबं, त्यांना हा अर्धा दिवस म्हणजे पुढचं वर्ष होतं. लहान पोरंही खेळता खेळता ओरडायची, "सहा चाळीस! पळा!"

आणि सहा चाळीस झाले हे सांगणार कोण? काकू. त्या दिवसापासून त्यांची भीती दुपटीने वाढली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात खांब थोडा कलला म्हणून त्यांच्या धाकट्या दिराने तो नव्याने बसवला. दीर गवंडी, कामाला चोख, स्वतःच्या कामाचं कौतुकही स्वतःच करणारा. जुना ओटा फोडून नवा केला, खांब उभा केला, लोखंडी सळ्या घातल्या. मग काकूंनी दरवर्षीसारखे आकडे रंगवले. कार्यालयाने दिलेला आकडे कापलेला लांब पत्रा होता. त्याचं खालचं टोक ओट्याला टेकवायचं, पत्रा खांबाला बांधायचा आणि कुंचला फिरवायचा. काकूंनी टोक ओट्याला टेकवलं. दोन दिवस मान वर करून रंगवत बसल्या. मान आठ दिवस दुखत होती.

त्याच वर्षी पूर आला. बाराला काकूंनी सहा बावीस पाठवले. सहाला बघतात तो सहा एकाहत्तर. निधी उघडला, पण टेम्पोवाले घरी गेलेले, अंधार पडलेला, आणि आठ वाजता पाणी वस्तीत शिरलंसुद्धा. पैसे फोनवर होते आणि फोन हातात धरून माणसं छपरांवर बसली होती. काकूंची थोरली नणंद, वन्सं, त्याच वस्तीत राहते. तिच्या अकरा शेळ्या गेल्या. तिचे यजमान बियाण्याचं पोतं छपरावर ओढताना खाली पडले आणि त्यांचा खुबा मोडला. तेव्हापासून ते खाटेवर आहेत.

इंजिनियर आले, वही तपासली आणि म्हणाले, नदी अचानक चढली, कुणाचा इलाज नव्हता. वही मात्र त्यांनी सगळ्यांना दाखवली. असं स्वच्छ काम आपण कुठे पाहिलं नाही म्हणाले. कार्यालयाने काकूंना प्रमाणपत्र दिलं. ते काकूंच्या भिंतीवर लावायला वन्सं स्वतः आल्या होत्या. एवढं सगळं गमावलेली बाई, स्टुलावर चढून खिळा ठोकताना म्हणाली, "आमच्या घराण्यात एवढं एक तरी धड झालं."

आता या वर्षीचं.

त्या दिवशी सकाळी सहाला खांबावर पाच चाळीस होतं. गावात नुसती भुरभुर होती, पण वरच्या अंगाला रात्रभर कोसळला होता. नदीचा रंग चहासारखा झालेला. काकूंना घरात बसवेना. दहाला कुणी सांगितलं नव्हतं तरी त्या छत्री घेऊन पायऱ्यांवर गेल्या. पाच अठ्ठ्याऐंशी. सवयीने फोटो काढला. वळणार एवढ्यात त्यांना कसलासा आवाज आला, कुत्र्याने पाणी प्यावं तसा. बघतात तो पाणी कडीला चाटत होतं.

काकू उभ्याच राहिल्या. कडीला पाणी म्हणजे सहा दहा. त्यांनी खांब पुन्हा वाचला. पाच अठ्ठ्याऐंशी. छत्री मिटून, पदराने डोळे पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि खांब आणि कडी दोन्ही येतील असा आणखी एक फोटो काढला. आकडे त्यांच्याच हातचे, ठसठशीत, तांबडेलाल. कडी सासऱ्यांच्या हातची. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि कडीला बोलता येत नव्हतं.

बावीसचा फरक, त्यांनी मनात म्हटलं, आणि मागोमाग गेल्या वर्षीचा आकडा आपणहून समोर आला. बाराला सहा बावीस. त्यात बावीस मिळवले की सहा चव्वेचाळीस. गेल्या वर्षी सकाळी सहाला कडी कोरडी होती आणि बाराला पाण्याखाली गेलेली होती. तिला पाणी चाटताना त्यांनी पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं तर दुपारी बारालाच कळलं असतं. दुपारी बाराला टेम्पोवाले जागेवर होते. दुपारी बाराला वन्संचे यजमान दोन्ही पायांवर उभे होते.

पायऱ्या चढून त्या तडक दिराकडे निघाल्या.

दीर एका गोठ्याच्या छपरावर पत्रे बसवत होता. काकू खालून म्हणाल्या, "भावजी, खांबाचा ओटा तुम्ही किती उचलला होता?"

"का? हलतोय?"

"हलत नाहीये."

"हलायचाच नाही. माझ्या हातचं काम आहे वहिनी, हत्ती बांधा त्याला."

"पण किती उचलला होता?"

"एक वीट. उभी लावली. आडवी लावली असती तर पुन्हा गाळात गेला असता." त्याने हाताने उभ्या विटेची उंची दाखवली, आणि हात तसाच हवेत राहिला. बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं असावं. शिडीवरून तो एकेक पायरी बघत उतरला. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"ओटा मी केला," तो हळूच म्हणाला. "आकडे तुम्ही रंगवलेत."

"मी रंगवले," काकू म्हणाल्या. "दरवर्षीसारखा पत्रा ओट्याला टेकवला. ओटा वर गेलाय हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

दिराने आजूबाजूला बघितलं. "मग आता कुणाच्या डोक्यात घालू नका. पाणी ओसरलं की एका दिवसात आकडे खाली घेऊ. मी स्वतः येतो. कोण बघतंय?"

"आणि आज?"

"आज काय, नदी चढेल तसा आकडा चढेल. सहाला येतील की पैसे."

"सहाला?" काकूंनी विचारलं.

आता कुणी म्हणेल, एवढं सरळ आहे, बाईने उठून सांगून टाकावं. सांगणाऱ्याचं काय जातं! काकू गोठ्याच्या ओट्यावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून सगळं एका रांगेत गेलं. चौदा वर्षांचं काम जाईल. दिराला पुन्हा कुणी भिंत बांधायला बोलावणार नाही. खालच्या वस्तीतली माणसं दारात येतील. ती काय म्हणतील हे त्यांना ऐकूच यायला लागलं, आवाजांसकट. आणि सगळ्यांच्या मागे वन्सं स्टुलावर उभ्या होत्या, हातात हातोडी घेऊन.

त्यांनी मॅडमना फोन लावला. का लावला हे त्यांना पुढेही नीट सांगता आलं नाही. बहुधा न लावण्याची भीती त्या क्षणी थोडी जास्त होती.

मॅडम वयाने लहान, पहिलीच नोकरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काकू, हे मला सांगायचं की नाही याचा विचार केला होता का तुम्ही?"

"विचार केला असता तर सांगितलंच नसतं, मॅडम."

"अहो, खांब सदोष आहे असं मी लिहिलं तर दुरुस्त होईपर्यंत निधी बंद राहतो. नियमच तसा आहे. म्हणजे आज सहालासुद्धा पैसे निघायचे नाहीत."

ही भीती त्यांच्या यादीत नव्हती. खोटं राहिलं तर पैसे उशिरा, खरं बोललं तर पैसे नाहीतच. "मग मी काही बोललेच नाही असं समजा," त्या म्हणाल्या.

"थांबा. फोन ठेवू नका." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज येत राहिला. मॅडम पुटपुटत वाचत होत्या, मध्येच थांबत होत्या. शेवटी त्यांचा आवाज बदलला. "काकू, इथे एक कलम आहे. खांबाबद्दल शंका असली तर जुनी, पक्की खूण चालते. पण ती खूण किती मीटरवर आहे हे खालच्या वस्तीतल्या दोन रहिवाशांनी सहीनिशी सांगायला हवं. आधीपासून ती ओळखणाऱ्यांनी. आणि ते बाराच्या आकड्याबरोबरच आलं पाहिजे, साडेबाराच्या आत. आहे का तुमच्याकडे तशी खूण?"

"कडी आहे. तिच्या पाण्यासकट दहाचा फोटो आहे."

"आणि ती ओळखणारं कुणी? खालच्या वस्तीत?"

काकूंनी डोळे मिटले. "आहे," त्या म्हणाल्या.

अकरा वाजून गेले होते. वस्ती पाव तासावर होती. काकूंनी तेव्हाच निघायला हवं होतं. त्या निघाल्या नाहीत. त्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या आणि नदी थांबते का ते बघत राहिल्या. मी हे लपवून ठेवणार नाही. पाऊण तास ही बाई नदीला हात जोडून बसली होती. थांब गं बाई, आजच्या दिवस थांब, उद्या हवं तर दुप्पट चढ. नदीने ऐकलं नाही. कडी कधीच बुडाली होती. बाराला खांबावर सहा एकोणीस होते. म्हणजे सहा एक्केचाळीस.

त्यांनी फोटो काढला. पडद्यावर आकडा भरला. अंगठा 'पाठवा'वर होता. इथे दाबलं की चौदा वर्षांसारखा आणखी एक दिवस, कुणी काही म्हणणार नाही, नदी अचानक चढली म्हणतील. अंगठा चुकून दाबला जाईल म्हणून त्यांनी फोनच पदरात गुंडाळला आणि त्या धावल्या. पन्नाशीतली बाई, एका हातात वही, एका हातात चपला, चिखलातून. वाटेत दोघांनी विचारलं, काकू काय झालं? त्यांना उत्तर द्यायला दम नव्हता.

वन्सं दारातच होत्या. बियाण्याच्या पोत्याचं तोंड सुतळीने शिवत बसल्या होत्या. आत खाटेवर त्यांचे यजमान उशीला टेकून बसले होते. खाट दाराशी ओढलेली, बाहेरचं दिसावं म्हणून.

"काय गं, अशी धापा टाकत?" वन्सं म्हणाल्या. "किती झालं?"

"सहा एकोणीस."

"मग आहे अजून वेळ." वन्संनी पुन्हा सुई उचलली. "मी म्हटलंच यांना, घाई करू नका. आपली आकडेकाकू आहे, सहा चाळीस झाले की तीच ओरडत येईल."

काकू उंबऱ्यावर बसल्या. "वन्सं, सहा एक्केचाळीस झालेत. खांब खोटा आहे. एका विटेने. मीच चुकीचे रंगवले."

सुई पोत्यात अर्धी राहिली.

काकूंनी सांगितलं. कडी, ओटा, पत्रा, फोन, सह्या. मान वर न करता, भराभरा, आकडे वाचल्यासारखं. सगळं सांगून झालं आणि एक सांगायचं राहिलं. ते सांगायची गरज पडली नाही. वन्सं निरक्षर नव्हत्या, आणि हिशेब त्यांनी बोटांवरही केला नाही.

"म्हणजे गेल्या वर्षी," त्या म्हणाल्या, "दुपारीच."

"हो."

"दुपारी बाराला."

"हो, वन्सं."

छपरावरून पाणी ठिबकत होतं. काकूंना वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. वन्सं नवऱ्याच्या पायांकडे बघत होत्या, चादरीखालच्या, एक सरळ आणि एक वाकडा. काकूंच्या फोनवर बारा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती आणि फोनकडे बघायची त्यांना लाज वाटत होती.

खाटेवरून आवाज आला. "कडी सहा दहालाच आहे."

दोघींनी वळून बघितलं. वन्संचे यजमान तसे कमी बोलणारे, पडल्यापासून तर फारच कमी. "लग्नानंतर पहिल्या वर्षी सासऱ्यांबरोबर होडीवर होतो मी. मला माहीत आहे." त्यांनी हात पुढे केला. "आणा ती वही. ए, तूही सही कर. जे बोलायचंय ते शाळेत बसून बोल. इथे बसून बोललीस तर मला पोहावं लागेल."

वन्सं उठल्या. हात लुगड्याला पुसले. वही घेताना त्यांनी काकूंकडे बघितलं नाही. "मी सात वर्षांची होते," त्या वहीला म्हणाल्या, "बाबांनी कडी बसवली तेव्हा. शिसं वितळवून ओतलं, तेव्हा कडी मी धरली होती." एवढं बोलून त्यांनी सही केली. अक्षर मोठं आणि दाबून काढलेलं, पुढच्या पानावर उमटेल असं. मग यजमानांनी केली. काकूंनी पानाचा फोटो काढला, कडीचा जोडला, बाराचा जोडला, आकडा बदलून सहा एक्केचाळीस केला. हात इतके ओले की फोन बोट ओळखेना. पदराला पुसलं, पुन्हा दाबलं. बारा अठ्ठावीसला गेलं.

त्यानंतरची चाळीस मिनिटं काकूंच्या आयुष्यातली सर्वांत लांब होती. गेलं, पण मान्य होईल का? साहेब काय म्हणतील? सगळं सांगून टाकलं आणि निधीही बंद पडला तर? वन्सं डबे उचलून दाराशी मांडत होत्या. काकूंनी एक उचलायला घेतला तर तो त्यांनी काकूंच्या हातातून काढून घेतला. काकू बाजूला उभ्या राहिल्या. कुठे उभं राहायचं तेही त्यांना कळत नव्हतं.

एक वाजून आठ मिनिटांनी शेजारच्या घरात फोन वाजला. मग पलीकडच्या. मग वन्संच्या यजमानांच्या उशाशी. सगळ्या वस्तीभर बारीक आवाजात फोन वाजत गेले आणि पोरं ओरडत सुटली, "सहा चाळीस! सहा चाळीस!"

पहिला टेम्पो पावणेदोनला आला. त्याच्या फळीवर धाकटा दीर उभा होता, कुणी न बोलावता आलेला. त्याने कुणाशी नजर मिळवली नाही, पण खाटेचा डोक्याकडचा भाग त्यानेच धरला. वन्संचे यजमान खाटेवरून म्हणाले, "नीट धर रे गवंड्या, मला उभा लावू नकोस." दीर हसला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हात अडकले होते म्हणून ते पुसताही आलं नाही. शेळ्या, पोती, म्हाताऱ्या, एक शिलाई मशीन, सगळं सव्वातीनपर्यंत वर गेलं. साडेतीनच्या सुमाराला पहिल्या घरात पाणी शिरलं.

शाळेत काकू कोपऱ्यात बसून राहिल्या. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. कुणी ओरडलं नाही, दारात येऊन उभं राहिलं नाही. नुसतं त्या बसल्या होत्या त्या बाजूला कुणी चटई टाकली नाही. पावणेसहाला त्या उठल्या, वही घेतली आणि नदीकडे निघाल्या. मागे पावलं वाजली. वळून बघायची हिंमत झाली नाही. पायऱ्यांच्या वर पोचल्यावर कळलं, वन्सं होत्या.

पाणी खांबावर खूप वर चढलं होतं. इथून खालची वस्ती दिसत होती. वन्संचं घर कडेलाच, दार उघडं, आणि दारातून पाणी सरळ आरपार वाहत होतं.

"किती?" वन्संनी विचारलं.

"खांबावर सात पस्तीस."

"आणि खरं?"

"सात सत्तावन्न."

वन्सं घराकडे बघत राहिल्या. "खाटेच्या उंचीवरून गेलंय," त्या म्हणाल्या. मग, "गेल्या वर्षीचं पान काढ."

कोणतं, हे काकूंनी विचारलं नाही. वही तिथेच उघडली. दुपारी बारा, सहा बावीस, स्वच्छ, सुंदर अक्षरात.

"खोड. खरा लिही."

चौदा वर्षांत या वहीत खाडाखोड झाली नव्हती. काकूंनी सहा बावीसवर रेघ मारली. रेघ वाकडी गेली. पुढे सहा चव्वेचाळीस लिहिलं. पावसाचा थेंब पडून त्यातला शेवटचा आकडा थोडा पसरला.

"सही कर."

काकूंनी सही केली. वन्संनी वही हातात घेऊन ते वाचलं, ओठ हलवत, दोनदा. मग मिटून परत दिली.

"उद्या सकाळी सहाला मी येणार आहे," त्या म्हणाल्या. "मी आल्याशिवाय वाचू नकोस."

"नाही वाचणार, वन्सं."

वन्सं शाळेकडे चालू लागल्या. काकूंनी छत्री उघडली, फोटो काढला आणि सहाचा आकडा पाठवायला घेतला.